तलावांच्या काठचे बंगळूर

बंगळूरला समुद्र नाही आणि बारमाही नदीही नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका जलविभाजक कण्यावर हे नगर वसलेले आहे. कण्याच्या पश्चिमेचे पाणी वृषभावती व अर्कावती यांच्या वाटेने कावेरीस मिळते, पूर्वेचे दक्षिण पिनाकिनीकडे जाते. अशा ठिकाणी पाणी वाहून जाण्यापूर्वी अडवणे, हाच नगररचनेचा पाया ठरला. पहिल्या केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास पेठ वसविली, तेव्हापासून नगराचा विस्तार तलावांच्या आधाराने होत गेला. धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत.

हे तलाव सुटे नव्हते. उतारावर मातीचा बांध घालीत, त्यास दगडी तूब ठेवीत आणि जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात उतरवीत. वरचा तलाव भरल्यावाचून खालचा सहसा भरत नसे. पाणी सोडण्याचे व वाटण्याचे काम 'नीरुगंटी' नावाच्या ग्रामसेवकाकडे असे. तळाचा गाळ शेतात जाई; त्यामुळे तलाव उथळ होण्यास आळा बसे आणि जमिनीसही कस येई.

मराठी वाचकाला या नगराविषयी वेगळी आस्था वाटणे स्वाभाविक आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर जिंकले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त आढळते. मल्लेश्वरम् येथील काडुमल्लेश्वर मंदिराजवळ व्यंकोजीराजांचा १६६९ चा शिलालेख आहे. त्यात देवास एक गाव इनाम दिल्याचा उल्लेख आहे. राजसत्ता बदलत राहिल्या, तलाव मात्र लोकांच्या नित्य उपयोगात राहिले.

पाण्याशी जडलेला सर्वांत जिवंत वारसा म्हणजे करगा उत्सव. तो तिगळ समाजाचा आहे. हा समाज परंपरेने भाजीपाला व फुले पिकविणारा, म्हणजे तलावाच्या पाण्यावर जगणारा. चैत्र पौर्णिमेच्या रात्री धर्मराय मंदिरातून स्त्रीवेशातील पुजारी द्रौपदीच्या शक्तीचे प्रतीक असलेला, फुलांनी मढविलेला करगा मस्तकी घेऊन निघतो. भोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार असतात. मिरवणूक तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यासही भेट देते. या भेटीची परंपरा आजही पाळली जाते, हे मुद्दाम नमूद करण्याजोगे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट्याचे पाणी नळाने आले आणि नगरातील तलावांची निकड संपली. निकड संपलेल्या तलावाची जमीन मोलाची ठरते. धर्मांबुधीच्या जागी आज बसस्थानक आहे. बेळ्ळंदूर तलाव सांडपाण्याने इतका दूषित झाला की २०१५ व २०१७ मध्ये त्यास आग लागली.

संपंगीच्या बहुतेक पात्रावर कंठीरव क्रीडांगण उभे राहिले. कोपऱ्यात एक लहानशी पुष्करिणी तेवढी राखलेली आहे. करग्याचे पौर्णिमेपूर्वीचे विधी दरवर्षी तेथेच होतात.