अपुऱ्या प्रणालीची पारख

संगणकाचे यंत्र आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस यांच्यामध्ये एक मध्यस्थ सतत वावरत असतो. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटविणे, लिहिलेला मजकूर तबकडीवर जपून ठेवणे, एकाच वेळी चालणाऱ्या अनेक आज्ञावलींना स्मृतीतील जागा आणि प्रक्रियकाचा वेळ वाटून देणे, ही सारी कामे हा मध्यस्थ करीत असतो. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संचालन प्रणाली असे म्हणतात. पत्रलेखनाच्या एखाद्या आज्ञावलीत दोष राहिला तर पत्राचेच काम अडते. संचालन प्रणालीत दोष राहिला तर मात्र तिच्यावर विसंबून असलेले सर्वच व्यवहार धोक्यात येतात.

म्हणूनच नवी संचालन प्रणाली पूर्णत्वास जाण्यापूर्वी तिची परीक्षा होणे अगत्याचे ठरते. ही परीक्षा निर्मात्याच्या प्रयोगशाळेत सुरू होते, परंतु तेथे संपू शकत नाही. प्रयोगशाळेत काही शेकडा यंत्रे असतील, तर बाहेरच्या जगात लक्षावधी असतात. प्रत्येकाला जोडलेला मुद्रक वेगळा, तबकडीवर साठलेल्या फाइली वेगळ्या आणि वापरणाऱ्याच्या हाताच्या सवयीही वेगळ्या. या विविधतेची कल्पना कितीही कुशल अभियंत्याला घरबसल्या करता येत नाही. त्यामुळे अपुरी प्रणालीच लोकांच्या हाती देऊन तिच्यातील उणिवा त्यांच्याकडून जाणून घेण्याची पद्धत रूढ झाली. अशा आवृत्तीला पूर्वावृत्ती म्हणता येईल. या पद्धतीचे गुण आणि मर्यादा समजण्यासाठी अमेरिकेतील ॲपल कंपनीने २००० साली प्रसिद्ध केलेल्या ‘मॅक ओएस टेन’ या प्रणालीच्या सार्वजनिक पूर्वावृत्तीचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

जुन्या प्रणालीची अडचण

ॲपलचा मॅकिंटॉश संगणक १९८४ साली बाजारात आला. त्याची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती आणि एका वेळी एकच आज्ञावली चालविण्याच्या कल्पनेने त्याची प्रणाली रचलेली होती. पुढे अनेक आज्ञावली एकाच वेळी उघडण्याची सोय झाली, परंतु ती सौजन्यावर आधारलेली होती. एका आज्ञावलीने आपले काम थोडे थांबवून आपण होऊन दुसरीला वाट द्यावी, अशी ती व्यवस्था होती. एखादी आज्ञावली अडून बसली तर बाकीच्या सर्वांना तिष्ठत राहावे लागे. शिवाय स्मृतीमध्ये आज्ञावलींच्या जागांना कुंपण नव्हते. एकीने चुकून दुसरीच्या जागेत लिहिले की संपूर्ण यंत्र ठप्प होई आणि पडद्यावर बाँबचे चित्र झळके. न साठविलेला मजकूर त्यासरशी नाहीसा होत असे.

हा दोष वरवरच्या डागडुजीने दूर होण्याजोगा नव्हता. त्यासाठी पायापासून नवी रचना हवी होती. ‘कोपलँड’ या नावाने ॲपलने तसा प्रयत्न आरंभिला, परंतु काम हाताबाहेर गेले आणि १९९६ साली तो सोडून द्यावा लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ॲपलने नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले. ॲपलमधून १९८५ साली बाहेर पडलेल्या स्टीव्ह जॉब्ज यांनीच ती स्थापन केली होती. नेक्स्टच्या प्रणालीचा गाभा कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेला ‘माख’ होता आणि त्याला बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वाढलेल्या युनिक्सच्या शाखेची जोड होती. प्रक्रियकाचा वेळ कोणाला किती द्यावयाचा हे या रचनेत गाभाच ठरवितो. प्रत्येक आज्ञावलीची स्मृती इतरांपासून कुंपण घालून वेगळी राखलेली असते. त्यामुळे एक कोसळली तरी बाकीच्या सुरक्षित राहतात.

रचना मिळाली तरी प्रश्न सुटला नाही. जुन्या मॅकिंटॉशसाठी लिहिलेल्या असंख्य आज्ञावलींचे काय करावयाचे, हा पेच उरलाच. सर्व आज्ञावली नव्याने लिहाव्यात ही अपेक्षा आज्ञावलीकारांना मान्य झाली नाही. अखेर १९९८ साली ॲपलने ‘कार्बन’ नावाचा मधला मार्ग जाहीर केला. त्यानुसार जुन्या आज्ञावलीत मर्यादित फेरफार करून ती नव्या प्रणालीवर आणता येणार होती. ज्यांत काहीच बदल झाला नव्हता, त्यांच्यासाठी ‘क्लासिक’ ही सोय झाली. नव्या प्रणालीच्या पोटात जुनी प्रणालीच एका आज्ञावलीप्रमाणे चालवावयाची, असे तिचे स्वरूप होते.

पूर्वावृत्ती लोकांच्या हाती

आधी केवळ आज्ञावलीकारांसाठी काही आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर १३ सप्टेंबर २००० रोजी पॅरिस येथील प्रदर्शनात जॉब्ज यांनी सार्वजनिक पूर्वावृत्ती जाहीर केली. तिची किंमत २९.९५ डॉलर होती. अपुऱ्या वस्तूसाठी ग्राहकाने पैसे का मोजावेत, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. मात्र किंमत आकारल्यामुळे एक गोष्ट घडली. ज्यांना खरोखर रस होता तेच मुख्यतः पुढे आले. पुढे पूर्ण आवृत्ती १२९ डॉलरला निघाली, तेव्हा पूर्वावृत्ती घेणाऱ्यांना सवलत देऊन या रकमेची भरपाईही करण्यात आली.

या आवृत्तीला आयुष्याची मर्यादा घालून दिलेली होती. १५ मे २००१ नंतर ती चालणार नव्हती. पूर्वावृत्तीच्या बाबतीत अशी मुदत घालणे शहाणपणाचे असते. अन्यथा काही लोक अपुऱ्या प्रणालीवरच कायमचे राहतात आणि तिच्यातील ज्ञात दोषांचे परिणाम वर्षानुवर्षे भोगत राहतात.

ज्याने ही आवृत्ती आपल्या यंत्रावर चढविली त्याला दोन भिन्न अनुभव एकत्र येत. पडद्यावरील दृश्य मोहक होते. पाण्याच्या थेंबांसारखी चमकदार बटणे, अर्धपारदर्शक याद्या, तळाशी चित्रांची एक पट्टी आणि त्या पट्टीत एखाद्या दिव्यातील राक्षसाप्रमाणे निमुळती होत शिरणारी खिडकी, असे सारे नवलाचे होते. परंतु २००० सालच्या यंत्रांना ही सजावट जड जाई. किमान १२८ मेगाबाइट स्मृतीची अट होती आणि ती पूर्ण झाली तरी खिडकीचा आकार बदलताना पडदा अडखळत असे. खास या प्रणालीसाठी लिहिलेल्या आज्ञावली मोजक्याच होत्या. पुष्कळशी कामे ‘क्लासिक’मध्ये शिरूनच करावी लागत.

तथापि मूळ प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले होते. एखादी नवी आज्ञावली कोसळली तर तेवढीच बंद पडे आणि शेजारच्या खिडकीतील लेखन जसेच्या तसे राही. ‘क्लासिक’मधील आज्ञावलींना मात्र हे संरक्षण एकमेकींपासून नव्हते. तेथील एक अडली तर सबंध ‘क्लासिक’ अडे, परंतु त्याबाहेरचे यंत्र चालू राही. गती, रूप आणि सोयी पुढे सुधारता येण्याजोग्या होत्या. पाया भक्कम आहे की नाही, हे पाहणे हाच या चाचणीचा खरा हेतू होता.

सफरचंदाची जागा

मॅकिंटॉशच्या पडद्यावर वरच्या पट्टीत डाव्या टोकाला सफरचंदाचे चिन्ह असे आणि ते दाबले की एक यादी उघडत असे. नेहमी लागणाऱ्या वस्तू वापरणारे या यादीत ठेवीत. पूर्वावृत्तीत हे चिन्ह पट्टीच्या मध्यभागी नेण्यात आले आणि ते केवळ शोभेचे उरले. दाबल्यावर त्यातून काहीच निघत नसे.

रचनाकारांच्या दृष्टीने हा बदल किरकोळ असेल, परंतु अनेक वर्षांच्या सवयीने ज्यांचा हात आपोआप डाव्या कोपऱ्याकडे वळत असे, त्यांना तो खटकला. चाचणीच्या काळात ॲपलकडे ७५,००० हून अधिक अभिप्राय आले. २४ मार्च २००१ रोजी पूर्ण आवृत्ती विक्रीस आली, तेव्हा सफरचंद पुन्हा डाव्या टोकाला आले होते आणि त्यातून यादीही उघडत होती. यादीतील बाबी मात्र पूर्वीच्या नव्हत्या. यंत्र बंद करणे, पुन्हा सुरू करणे अशा आज्ञा तीत आल्या. लोकांचे म्हणणे निर्मात्याने ऐकले, पण ते आपल्या नव्या रचनेत बसवून स्वीकारले, असे या तडजोडीचे वर्णन करता येईल.

पूर्ण म्हणून विकलेली ही आवृत्तीही सर्वार्थाने पूर्ण नव्हती. डीव्हीडीवरील चित्रपट पाहण्याची सोय तीत नव्हती आणि गतीविषयीच्या तक्रारी चालूच राहिल्या. २००१ च्या सप्टेंबरात निघालेल्या पुढील आवृत्तीने या उणिवा बऱ्याच अंशी भरून काढल्या. नव्या यंत्रांवर ही प्रणाली प्रथमपसंतीने येऊ लागली ती २००२ च्या आरंभी.

न ऐकलेला आवाज

अभिप्राय दिला म्हणजे तो मान्य होतोच असे नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज ८’ची पूर्वावृत्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. १९९५ पासून पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात असलेले ‘स्टार्ट’ बटण तीत काढून टाकलेले होते. त्याविषयी नापसंतीचा सूर उमटला, तरी ऑक्टोबर २०१२ मध्ये पूर्ण आवृत्ती त्या बटणाविनाच आली. ऑक्टोबर २०१३ च्या सुधारित आवृत्तीत ते परत ठेवावे लागले.

याहून गंभीर प्रसंग ‘विंडोज १०’च्या बाबतीत घडला. काही वापरणाऱ्यांनी आपला कागदपत्रांचा फोल्डर मूळ जागेवरून दुसरीकडे हलविलेला होता. एका सुधारणेनंतर त्यांच्या यंत्रांवर त्याच नावाचे रिकामे जादा फोल्डर दिसू लागले आणि त्यांनी तशी तक्रार केली. ती दूर करण्यासाठी पुढील सुधारणेत असे फोल्डर काढून टाकण्याची योजना झाली. परंतु काही यंत्रांवर मूळ जागेतील फोल्डर रिकामे नव्हते. त्यांत जुन्या फाइली शिल्लक होत्या. २ ऑक्टोबर २०१८ रोजी ही सुधारणा प्रसिद्ध झाली आणि काहींच्या फाइली नाहीशा झाल्या. काही दिवसांतच कंपनीला ती मागे घ्यावी लागली. दुरुस्त रूपात ती १३ नोव्हेंबर रोजी पुन्हा आली.

सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. पूर्वावृत्ती वापरणाऱ्या काही थोड्या लोकांनी फाइली गेल्याची सूचना आधीच दिलेली होती. परंतु ज्या तक्रारीला अनेकांचा दुजोरा मिळे ती वर येई आणि एकट्यादुकट्याची तक्रार तळाशी राही. गर्दीत ती दुर्लक्षित झाली. त्यानंतर कंपनीने अभिप्रायाच्या व्यवस्थेत बदल केला आणि दोषाची तीव्रता नोंदविण्याची सोय दिली. बटणाचा रंग हजारोंना नावडणे आणि एखाद्याच्या आयुष्यभराच्या कागदपत्रांचा नाश होणे, या दोन गोष्टी डोकी मोजून तोलता येत नाहीत, हा धडा त्यातून मिळाला.

चाचणी करणाऱ्याचे कर्तव्य

या साऱ्या इतिहासातून पूर्वावृत्ती वापरू इच्छिणाऱ्याने काही नियम ध्यानी घेणे इष्ट आहे. पहिला नियम असा की, ज्या यंत्रावर रोजचे काम अवलंबून आहे, त्यावर अपुरी प्रणाली चढवू नये. दुसरे यंत्र नसेल तर निदान तबकडीचा एक स्वतंत्र विभाग तिच्यासाठी राखून ठेवावा. दुसरा नियम असा की, सर्व फाइलींची प्रत आधी काढून ती यंत्रापासून वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि त्या प्रतीतून एखादी फाइल खरोखर परत मिळते की नाही, हेही पाहून घ्यावे. पारखून न घेतलेली प्रत ऐन वेळी दगा देऊ शकते. तिसरा नियम मुदतीविषयी आहे. पूर्वावृत्ती कधी बंद पडणार आणि जुन्या प्रणालीकडे परतण्याचा मार्ग कोणता, हे आरंभीच जाणून घ्यावे.

चौथा नियम अभिप्रायाविषयी आहे. ‘प्रणाली बिघडली’ एवढे लिहून अभियंत्याच्या हाती काहीच लागत नाही. कोणते यंत्र होते, कोणत्या क्रमाने काय केले, काय घडावयास हवे होते, प्रत्यक्षात काय घडले आणि तेच केल्यावर पुन्हा तसेच घडते काय, या पाच गोष्टी नोंदविल्या तर दोषाचा माग काढता येतो. नुकसान कोणत्या प्रकारचे झाले हेही स्पष्ट लिहावे. आवडनिवड आणि हानी यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

निर्मात्याकडेही या व्यवहाराची एक बाजू येते. २०१४ पासून ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही कंपन्या आपल्या पूर्वावृत्त्या सर्वसामान्यांना नियमितपणे विनामूल्य देऊ लागल्या. पूर्वी पैसे मोजून येणारा चाचणीकर्ता आता मोबदल्याविना आपला वेळ देतो आणि आपल्या यंत्राचा धोकाही पत्करतो. त्याच्या बदल्यात त्याची नोंद कोणीतरी वाचावी, एवढी अपेक्षा तो करीत असेल तर ती अवाजवी नव्हे. पुढे प्रणाली पूर्ण होऊन लक्षावधी घरांत आणि कचेऱ्यांत जाते. तेथील माणसांना परतीचा मार्ग ठाऊक नसतो आणि पुष्कळदा त्यांनी आपल्या फाइलींची दुसरी प्रतही काढलेली नसते. पूर्वावृत्तीत एकानेच कळविलेला दोष वेळेवर दूर झाला, तर ही सर्व माणसे त्या हानीपासून वाचतात.