कापूस, काळी माती आणि कॅमेऱ्याचा करडा रंग

कॅमेरा हा विज्ञानशाखेचा, नाहीतर हौशी श्रीमंतांचा विषय आहे, अशी समजूत आपल्याकडे बरीच वर्षे रूढ होती. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने इतिहास वाचावा, कविता वाचावी, फार तर स्नेहसंमेलनात स्वतःचा फोटो काढून घ्यावा; फोटो निघतो कसा, या खोलात त्याने शिरू नये. गेल्या हंगामात कामरगावी माझ्या हाती एक लहानसा डिजिटल कॅमेरा आला. त्याच्याशी दोन-तीन महिने झटापट केल्यावर माझे असे मत झाले की हा विषय आपलाही आहे. समोरचा माणूस जसा आहे तसा आपण दाखवतो की नाही, हा प्रश्न जसा लेखकापुढे असतो तसाच कॅमेरा धरणाऱ्यापुढेही असतो.

प्रथम यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. जुन्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश फिल्मवर पडत असे. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनची एक चकती असते. तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा आपल्यावर किती प्रकाश पडला हे विजेच्या रूपाने मोजतो. कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ साली असा पहिला कॅमेरा जुळवला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते, चित्रात अवघे १०,००० बिंदू होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आज खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात कोटी-दोन कोटी बिंदू असतात. मात्र साध्या छोट्या कॅमेऱ्यांतला सेन्सर बहुधा सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढाच असतो. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या मानाने त्याचे क्षेत्रफळ सुमारे तिसावा हिस्सा भरते. म्हणूनच अंधाऱ्या खोलीत हा कॅमेरा दुबळा पडतो आणि चित्रावर रवाळ ठिपके दिसू लागतात.

सेन्सरवर किती प्रकाश घ्यायचा हे दोन गोष्टी ठरवतात: भिंगाचे छिद्र किती मोठे आणि ते किती वेळ उघडे. तिसरी गोष्ट आयएसओ, म्हणजे मिळालेला प्रकाश किती पटीने वाढवून दाखवायचा. शेतातल्या पाटाची उपमा घेतली तर छिद्र म्हणजे पाटाचे तोंड आणि वेळ म्हणजे बारे किती वेळ चालू ठेवले ते. तोंड लहान केले तर पाणी जास्त वेळ सोडावे लागते. जुन्या छायाचित्रकारांचा एक ठोकताळा आजही उपयोगी आहे. लख्ख उन्हात छिद्र एफ १६ आणि आयएसओ १०० असेल, तर सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. छोट्या कॅमेऱ्यात छिद्र सहसा एफ ८ पेक्षा बारीक होत नाही. एफ ८ मधून एफ १६ च्या चौपट प्रकाश येतो, म्हणून तिथे सेकंदाचा चारशेवा भाग पुरे.

हा सगळा हिशेब कॅमेरा स्वतःच करतो, मग आपण शिकायचे काय? खरा धडा इथूनच सुरू होतो. कॅमेरा प्रकाश मोजतो, पण समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून त्याला एक गृहीत धरावे लागते: समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारे आहे. रस्ता, झाड, भिंत, माणसे अशा मिश्र दृश्यात हे गृहीत बऱ्यापैकी जुळते. पण आमच्या भागात दिवाळीनंतर दोनच रंग डोळ्यांत भरतात, कापसाचा पांढरा आणि जमिनीचा काळा. त्यामुळे कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला कामरगावसारखे दुसरे ठिकाण शोधायची गरज नाही.

मी एक साधा प्रयोग केला. एकाच सकाळी, एकाच उन्हात तीन फोटो काढले. पहिल्यात चौकटभर कापसाची गंजी, दुसऱ्यात चौकटभर नांगरलेली ओली जमीन आणि तिसऱ्यात मातीने सारवलेली भिंत. तिन्ही वेळा कॅमेरा स्वयंचलित ठेवला. पडद्यावर पाहिले तर कापूस मळकट करडा, जमीन फिकट करडी आणि भिंत जशीच्या तशी. जगातला सर्वांत पांढरा आणि सर्वांत काळा पदार्थ कॅमेऱ्याने एकाच रांगेत आणून बसवले होते.

यावर उपाय कॅमेऱ्यावरच असतो. अधिक-उणे चिन्हाचे एक बटण असते, त्याला एक्सपोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. अधिक एक केले की प्रकाश दुप्पट, उणे एक केले की निम्मा. नियम मात्र आपल्या पहिल्या अंदाजाच्या उलटा आहे. दृश्य पांढरे असेल तर प्रकाश वाढवावा, काळे असेल तर कमी करावा. कापसाला अधिक एक ते दीड आणि ओल्या काळ्या जमिनीला उणे एक, एवढ्यावर माझे रंग जुळले. फार वाढवूनही चालत नाही. डिजिटल चित्रात उजेडाची मोजणी साधारणतः ० ते २५५ अशी असते आणि २५५ च्या पुढे जागा नाही. तिथे पोचले की कापसाचे तंतू दिसत नाहीत, उरतो तो नुसता पांढरा डाग, आणि गेलेला तपशील मागाहून परत आणता येत नाही.

ही केवळ तांत्रिक बाब नाही. अवकाळी पावसात भिजून काळा पडलेला सोयाबीन जवळून, चौकटभर घेतला तर स्वयंचलित कॅमेरा त्याला उजळ करून दाखवतो. शेतकऱ्याचे नुकसान फोटोत आपोआप कमी होते. चेहऱ्याच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी नाजूक आहे. एका वेचणीच्या वेळी मी ओळखीच्या एका काकूंचा फोटो घेतला. भोवती फुटलेली पऱ्हाटी, कमरेची ओटी कापसाने भरलेली, मागे उजळ आभाळ. एवढ्या पांढऱ्याची सरासरी काढताना कॅमेऱ्याने चेहरा काळोखात ढकलला. काकू पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "याच्यात माहं तोंड कुठी हाय?" मग मी अधिक दोन करून पाहिले. चेहरा गोरापान झाला, सुरकुत्या गेल्या. त्यावर त्या म्हणाल्या, "हे त मी नोहे." शेवटी त्यांना उन्हाकडे जरा वळवून उभे केले आणि अधिक दोन-तृतीयांशावर फोटो काढला. तो त्यांना पटला.

या दोन वाक्यांत छायाचित्रणाचा मोठा इतिहास दडला आहे असे मला वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी रंगीत छपाईच्या प्रयोगशाळांना नमुन्यादाखल एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र पाठवत असे. त्याला 'शर्ली कार्ड' हे नाव पडले. त्या चेहऱ्याचा रंग बरोबर आला की छपाई बरोबर, असा दंडक होता. सावळ्या आणि काळ्या माणसांचे काय, हा विचार पुष्कळ उशिरा झाला. आपल्याकडेही लग्न जमवण्यासाठी काढलेल्या फोटोत मुलीचा रंग उजळवण्याची रीत होतीच. आजचे मोबाइल तर न सांगता त्वचा गुळगुळीत करतात. एका परीने चेहरा अंधारात हरवतो, दुसऱ्या परीने तो पुसला जातो. दोन्हींत माणूस नाहीसा होतो.

हल्लीचे कॅमेरे चेहरा ओळखतात आणि त्याप्रमाणे प्रकाश सुधारतात हे खरे. पण डोक्यावर पांढरी टोपी किंवा पुढे ओढलेला पदर असला की त्यांची अडचण होते. तेव्हा नवशिक्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बटण अर्धे दाबून कॅमेऱ्याला आधी नेम धरू द्यावा, मग पूर्ण दाबावे. मोजणी 'स्पॉट'वर ठेवून चेहऱ्यावरचाच प्रकाश मोजावा आणि रंग प्रत्यक्षाशी ताडून पाहावा. पदराच्या सावलीतला चेहरा दोन-तीन हातांवर असेल तर भर उन्हातही फ्लॅश वापरावा. आणि वेळ निवडावी. आमच्या गावी मेच्या अखेरीस भरदुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४६ अंशांवरच चढतो, तेव्हा दुपारही थोडीफार चालते. सकाळी आठच्या उन्हाला मात्र तोड नाही.

पाचवी गोष्ट कोणत्याही माहितीपुस्तिकेत मला आढळली नाही, ती काकूंनी शिकवली. काढलेला फोटो ज्याचा आहे त्याला दाखवावा आणि विचारावे, हे तुम्हीच ना? फिल्मच्या काळात त्यासाठी आठवडाभर थांबावे लागे. आज पडदा लगेच वळवता येतो. कॅमेऱ्याला सरासरी कळते आणि ती त्याने खुशाल काढावी. पण सरासरीपासून एखादा माणूस किती पावले दूर उभा आहे, हे मोजण्याचे काम अधिक-उणे बटणावर बोट ठेवणाऱ्याचेच आहे.