जेवलीस की बसू नकोस

मीनू, काल फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं की तू रडून बसली आहेस. डॉक्टरबाईंनी कार्डावर ७६ किलो लिहिलं, पुढे ‘लठ्ठ’ असं लिहून खाली रेघ ओढली, आणि तिसरा महिना लागल्याचा आनंद तिथेच विरला. त्या शब्दाचा राग येणं साहजिक आहे. पण १५८ सेंटिमीटर उंचीला ७६ किलो म्हणजे बीएमआय तिसाच्या वर जातो, आणि आपल्या भारतीय बांध्यासाठी तर पंचविसाच्या पुढेच लठ्ठ धरतात. तेव्हा डॉक्टरबाईंनी चूक काही लिहिलेलं नाही. फक्त हा तुझ्या स्वभावाचा दाखला आहे असं समजू नकोस. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के जास्त वजनाच्या निघाल्या. म्हणजे दवाखान्याबाहेरच्या बाकावर तुझ्यासारख्या आणखी होत्याच.

आता तुझ्या सासूबाईंचं ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’. त्यांच्या मायेबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांच्या काळी सुना अर्धपोटी राहायच्या, म्हणून ते वाक्य जन्माला आलं असेल. तुला पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं जवळपास काहीच लागत नाही. पुढेही रोजच्या साडेतीनशे कॅलरी वाढल्या की पुरे. एक भाकरी, वाटीभर उसळ, वर कपभर दूध, संपलं. त्यात साजूक तुपाने बाळंतपण ‘सुटतं’ हा समज. अगं, तूप पोटात जातं, प्रसूतिमार्गात नाही!

मात्र उलट टोकाला जाऊन आत्ता वजन उतरवायलाही बसू नकोस. ती भाषा मला तुझ्या तोंडून ऐकायची नाही. डाएट, उपवास, फळांवर राहणं, काही नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये जी मर्यादा घालून दिली, तिच्यात तुझ्या वजनगटाच्या बाईने नऊ महिन्यांत पाच ते नऊ किलो वाढावं असं आहे. बेताच्या वजनाच्या बाईला साडेअकरा ते सोळा. म्हणजे तुझंही वजन वाढणारच आहे, फक्त थोडं. तुझ्या बाबतीत किती, ते डॉक्टरबाईंना विचारून कार्डावरच लिहून घे, म्हणजे दर वेळी काट्यावर चढताना छातीत धडधडणार नाही.

तरीही वजन मनावर का घ्यायचं, ते सांगते. माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या बायकांना मी हे मोकळेपणाने सांगते, मग तुझ्यापासून कशाला लपवू? वजन जास्त असलं की गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा, साखर वाढण्याचा, सिझेरियन होण्याचा, टाके पिकण्याचा आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. सोनोग्राफीत बाळ नीट दिसायला वेळ लागतो, तेव्हा तपासणारं माणूस चिडचिड करू लागलं तर त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नकोस. बीपीसाठी डॉक्टरबाई कदाचित अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतील. दिली तर न चुकता घे, आपल्या मनाने मात्र घेऊ नकोस.

बाळाची गोष्ट जरा सावकाश समजून घे, कारण खरी गंमत तिथे आहे. वार जी संप्रेरकं सोडते, त्यांच्यामुळे प्रत्येक गरोदर बाईच्या शरीरात इन्शुलिन बोथट होतं. आपलं जेवण आपणच गट्ट करू नये, बाळालाही मिळावं, अशी ती निसर्गाची सोय आहे. पण ज्या शरीरात इन्शुलिन आधीच जरा बोथट असतं, तिथे ही सोय हाताबाहेर जाते आणि रक्तातली साखर चढते. साखर वारेतून बाळाकडे जाते, तुझं इन्शुलिन मात्र जात नाही. मग एवढ्या साखरेचं करायचं काय म्हणून बाळ स्वतःचं इन्शुलिन जास्त बनवू लागतं. पोटातल्या बाळाला इन्शुलिन म्हणजे वाढीचं औषधच, त्याने ते चरबी साठवत सुटतं. कोपनहेगनच्या जॉर्गन पेडरसन नावाच्या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात हे कोडं असं सोडवलं. एवढं मोठं बाळ जन्मताना खांद्यापाशी अडकू शकतं. आणि नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम थांबते, पण बाळाचं इन्शुलिन जोरात चालूच असतं, म्हणून जन्मानंतरच्या काही तासांत त्याच्या रक्तातली साखर घसरते. अशा बाळाच्या टाचेतून सुईने थेंब काढून तपासतात तेव्हा आई कासावीस होते. तुझ्यावर ती वेळ आली तर घाबरून न जाता पहिल्या तासाभरात छातीशी घे, पाज. वजन जास्त असलेल्या आईला दूध उतरायला कधी कधी एखाददुसरा दिवस जास्त लागतो. ‘हिला दूधच नाही’ असं म्हणत लगेच डबा उघडणारी एखादी काकू तेव्हा हटकून खोलीत असते. तिला चहा करायला पाठव.

आता तुझा प्रश्न, ‘ताई, माझं बाळ मोठं होईल का गं?’ आपल्याकडे मामला जरा वेगळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं तपासली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण-एक किलोने हलकी. पण स्नायू आणि पोटातले अवयव लहान असले तरी पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. त्या आया स्वतः काटक होत्या, शेतात राबणाऱ्या. म्हणजे आपली बाळं दिसायला किरकोळ असली तरी आत चरबी धरून असतात, आणि पुढे मधुमेहाकडे झुकण्याची मुळं तिथे असू शकतात. मला तर या अभ्यासानंतर आपल्या त्या गुटगुटीत बालक स्पर्धांकडे बघवत नाही. तुझं बाळ पावणेतीन किलोचं आलं आणि कुणी ‘एवढंसंच?’ म्हणालं, तर गप्प राहा. आणि पावणेचार किलोचं आलं म्हणून पेढे जास्त वाटायचं कारण नाही.

मग हातात काय आहे? पाय आहेत. स्नायू हलले की ते इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम म्हणजे जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, तिन्ही वेळा. नागपूरच्या उन्हात बाहेर पडू नकोस, घरातल्या घरात हॉलपासून बाल्कनीपर्यंत येरझाऱ्या घाल. उष्मा आणि पाण्याची कमतरता दोन्ही नकोत. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं होतील असं बघ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या सूचनांमध्ये गरोदर बायकांसाठी तेवढंच सांगितलंय. वेग किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. नाडी मोजत बसू नकोस. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ठोक्यांची १४०ची मर्यादा घातली होती, ती त्यांनी स्वतःच १९९४ मध्ये काढून टाकली.

हे सगळं चमत्कार करतं असं मात्र मी सांगणार नाही. ब्रिटनमध्ये दीड हजारांवर जाड गर्भवतींना आहार-व्यायामाचा सल्ला देऊन बघितला. त्यांचं वजन थोडं कमी वाढलं, पण गरोदरपणातला मधुमेह काही कमी झाला नाही. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला बावीसशे बायकांवर तसंच केलं, तिथे चार किलोच्या वरची बाळं १९ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली, एवढंच. पण बीजिंगच्या एका रुग्णालयात तीनशे जास्त वजनाच्या बायकांपैकी अर्ध्यांना तिसऱ्या महिन्यातच जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवलं, आठवड्यातून तीनदा किमान अर्धा तास. त्यांच्यात मधुमेह २२ टक्क्यांना झाला, बाकीच्यांत ४०.६ टक्क्यांना. आणि अवेळी बाळंतपणं त्यांच्यात वाढली नाहीत. माझ्या मते यातलं मर्म दोन गोष्टींत आहे. त्यांनी लवकर सुरुवात केली, आणि कुणीतरी समोर बसवून व्यायाम करून घेतला. नुसता कागदावरचा सल्ला कोण पाळतं? म्हणून मी तुझ्या नवऱ्याला फोन केलाय. रात्री जेवण झालं की तो तुझ्याबरोबर चालणार आहे, तसं कबूल करून घेतलंय.

‘घरकाम करते की, मग वेगळा व्यायाम कशाला?’ हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय! पोळ्या लाटताना तू तासभर एका जागी उभी असतेस. पाय दुखतात, सुजतात, पण साखर उतरेल एवढी हालचाल होत नाही. फरशी पुसलीस तर चांगलंच, पण ती चालण्याच्या बदली धरायची नाही. त्याखेरीज भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसून उठायचं, मार्जारासन, आणि लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळून सोडायचे. पाचव्या महिन्यानंतर पाठीवर उताणं झोपून कुठलाही व्यायाम नको, गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दबते आणि गरगरतं.

काही बायकांना डॉक्टर व्यायाम करू देत नाहीत. वार खाली असणं, पिशवीचं तोंड सैल असणं, वाढलेला रक्तदाब, खूप कमी रक्त. त्या यादीत तू नाहीस हे आधी विचारून ये. आणि चालताना रक्त गेलं, पाणी गेलं, छातीत दुखलं, पोट लागोपाठ कडक व्हायला लागलं, तर थांब आणि सरळ दवाखाना गाठ. मला नंतर फोन कर, आधी नाही.

साखरेची ती ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायची तपासणी या महिन्यातच करून घे. सरकारी सूचनेप्रमाणे ती पहिल्या भेटीतच करतात आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. १४० किंवा त्याहून जास्त आली तर आधी आहार आणि व्यायामाने साखर उतरवायला बघतात, त्याने उतरली नाही तर औषध सुरू होतं. चव वाईट असते, लिंबू पिळू का ते तिथल्या बाईंना विचार. आणि सातव्यात माहेरी येशील तेव्हा आईने डिंकाचे लाडू वळायला घेतले, तर तिच्याशी मी बोलेन. तू फक्त तुझे चालायचे बूट आणायला विसरू नकोस, आपल्या गल्लीत खड्डे फार आहेत.