इंजिनाची घरगुती सफाई आणि तीतून उद्भवणारे बिघाड

घरच्या अंगणात उघडलेले मोटारीचे इंजिन पुन्हा जोडल्यावर खडखडू लागले की दोष जोडणीला दिला जातो. परंतु अशी अनेक इंजिने जोडणीच्या आधीच, ती स्वच्छ करण्याच्या खटाटोपात बिघडलेली असतात. पिस्टनच्या वरखाली हालचालीचे चक्राकार गतीत रूपांतर करणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ज्या अर्धगोल बेअरिंगांच्या आधाराने फिरतो, त्यांच्यात आणि दांड्यात तेलाच्या थरासाठी सोडलेली फट साधारणतः ०.०२ ते ०.०५ मिमी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असते. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा कणही तेथे घासपट्टीचे काम करतो.

भंडारा जिल्ह्यात हा धोका अधिक आहे, कारण भात हे येथील मुख्य पीक असल्याने मळणीच्या दिवसांत हवेत भुसा व धूळ असते आणि गिरण्यांत जाळल्या जाणाऱ्या तुसाच्या राखेचा बहुतांश भाग सिलिका, म्हणजे वाळूचाच घटक, असतो. उघडे इंजिन ओसरीत नुसते ठेवून देणे म्हणूनच योग्य नव्हे. प्रत्येक भोकात स्वच्छ कापडाचा बोळा, आणि तोही मोजून, घालावा व वरून प्लॅस्टिक बांधावे. याहून मोठी चूक पॉलिश पेपरने होते. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात घासून आणलेली चकाकी हीच स्वच्छतेची खूण मानली जाणे स्वाभाविक आहे, पण इंजिनाला ती मानवत नाही. पेपरवरून सुटलेले कण तेलाच्या वाटांत शिरून बेअरिंग खरवडतात, तर सिलिंडरच्या भिंतीवर तेल धरून ठेवण्यासाठी मुद्दाम काढलेल्या तिरप्या छेदरेषा घासून गेल्यास पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत आणि इंजिन तेल जाळू लागते. हेडवरचा, म्हणजे सिलिंडरांना वरून झाकणाऱ्या भागावरचा, कार्बन आणि जुन्या गॅस्केटचे, म्हणजे हेड व ब्लॉकमधील सांधा बंद करणाऱ्या पत्र्याचे, अवशेष रॉकेलात भिजवून प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने काढावेत. त्याला वेळ लागतो, तो द्यावा. काही जण वापरतात तो कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमचे हेड त्यात कधीही बुडवू नये. रॉकेलाऐवजी पेट्रोल वापरणे तर सरळ आगीला आमंत्रण आहे.

धुतल्यानंतरचे पाणीही उपद्रवी ठरते. पावसाळ्यातील दमट हवेत ओतीव लोखंडाच्या सिलिंडरवर गंज चढायला फार वेळ लागत नाही, म्हणून भिंती साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, पांढरे कापड मळेनासे झाले की कोरड्या करून लगेच तेल चोळावे. बोल्टच्या भोकांत तेल किंवा पाणी साचले असेल तर बोल्ट आवळताना त्या द्रवावर येणाऱ्या दाबाने ब्लॉक तडकू शकतो. ही भोके शेवटी तपासली जातात, ती सर्वांत आधी तपासली पाहिजेत.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराचे पाणी भंडारा शहरातील वस्त्यांत शिरले. पुरात बुडालेल्या गाडीच्या बाबतीत घातक ठरते ती उतावीळपणे फिरवलेली किल्ली: पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरात पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाडीची बॅटरी सोडवून, प्लग काढून पाणी बाहेर पडू द्यावे आणि तेल बदलल्याखेरीज इंजिन फिरवू नये.

जोडणीविषयी थोडक्यात सांगता येते. प्रत्येक कनेक्टिंग रॉडची टोपी त्याच रॉडची जोडीदार असते, म्हणून सोडवण्यापूर्वी दोन्हींवर क्रमांकाची खूण करावी. हेडचे बोल्ट मध्यापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने घट्ट करावेत; हाताच्या अंदाजाने एका बाजूला जास्त आवळलेले हेड वाकडे बसते आणि गॅस्केट फुटते. सीलंट जाड थापू नये. आत सुटलेला त्याचा तुकडा तेलपंपाच्या जाळीत अडकतो. सर्व झाल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावा, कारण झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरा होतो. तो कोठे अडला तर जोर न लावता टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवाव्यात. त्यानंतर प्लग काढलेले व इंधनपुरवठा बंद असताना, तेलाच्या दाबाचा इशारा देणारा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवावा.

गाडीच्या मॉडेलची सेवा-पुस्तिका आणि टॉर्क पाना हाताशी नसतील, तर घरी हेड उघडू नये. ते सपाट आहे की नाही हे तपासायचे असल्यास ते काढून लेथ कारखान्यात नेण्याचे काम जाणत्या मेकॅनिकवर सोपवावे.