मुलांस धर्मपाठ कोणत्या भाषेत द्यावा?

उपदेशक बंधूंनो, रोमन क्याथलिक मंडळीत मुलांस प्रथम काय शिकवितात, असे कित्येकदा विचारण्यात येते. क्रूसाची खूण, प्रेषितांचा मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, मरियेस नमस्कार, दहा आज्ञा व सात संस्कार, हा तो पाया होय. (मूर्तीविषयीची आज्ञा ते पहिलीतच धरितात व लोभाविषयीच्या दोन करितात, शेजारच्या मुलाने क्रम निराळा सांगितल्यास त्यास हसू नये.)

हेच गोमंतकातील मुलांस त्यांच्या बोलीत कळावे म्हणून थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने कोंकणीत प्रश्नोत्तरांचे पुस्तक रचिले. तो १५७९ साली गोव्यास आला. त्याचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापिले गेले. हे लहान पुस्तक मात्र त्याच्या मरणानंतर, १६२२ साली, राशोल येथे निघाले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयाने, लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढिला. घरची भाषा अशी हुकमाने सुटते काय? ती सुटली नाही.

येत्या शब्बाथशाळेत ‘पापांची क्षमा’ म्हणजे काय, हे प्रत्येक मुलाकडून घरच्या शब्दांत वदवून घ्यावे. पाठ म्हणणारा मुलगा येथे अडेल. तेथेच थांबून शिकवावे.