मुठीत मावणाऱ्या मोटारी

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी ओलांडतो आणि घोटीस येतो. भाताच्या गिरण्यांचे हे गाव. रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिले, म्हणजे मालमोटारी, एस. टी. च्या गाड्या आणि पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर ह्यांच्या रांगेतून एखादी बेताच्या लांबीची, पण मोठी रुबाबदार मोटार सरकन निघून जाताना दिसते. मर्सिडीझची सी-क्लास, बी. एम. डब्ल्यू. ची तिसरी मालिका, ऑडीची ए-४ ही त्या जातीची नावे होत. ऑडी ए-४ ही २००८ पासून शेंद्रा येथे जुळविली जाऊ लागली. मर्सिडीझचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. म्हणजे ह्या गाड्या परदेशी नावाच्या असल्या, तरी त्यांतील कित्येकींचा जन्म आपल्याच राज्यातला आहे. त्या विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे. परंतु त्यांची धातूची हुबेहूब प्रतिकृती दीड-दोनशे रुपयांत मिळते आणि ती मुठीत मावते. अशा प्रतिकृती जमविण्याचा छंद जगभर पसरला आहे.

ह्या छंदाचे एक मूळ मोठे गमतीचे आहे. लंडनमधील लेस्नी नावाच्या कारखान्यात जॅक ओडेल हे कुशल कारागीर होते. त्यांच्या मुलीच्या शाळेत असा नियम होता, की आगपेटीत मावेल एवढेच खेळणे शाळेत आणावे. वडिलांनी पितळेचा एक चिमुकला रोडरोलर घडवून आगपेटीत घालून दिला. तो पाहून वर्गातील सर्व मुलांना तसाच रोडरोलर हवासा झाला! त्यातूनच १९५३ मध्ये ‘मॅचबॉक्स’ ह्या नावाच्या गाड्या निघाल्या. शाळेच्या नियमांचा असाही उपयोग होतो, हे पाहून मला शिक्षक ह्या नात्याने समाधान वाटते. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेत ‘हॉट व्हील्स’ आणि १९७० मध्ये जपानात ‘टोमिका’ ह्या गाड्या आल्या. आपल्या देशातही कलकत्त्यास जुने विलायती साचे आणून ‘निकी टॉइज’ ह्या नावाने अशा मोटारी ओतल्या जात असत.

मोटार हातावर घेऊन पाहा. ती थंड व जड लागते, कारण तिचा देह जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. त्यात सुमारे ९६ टक्के जस्त व ४ टक्के ॲल्युमिनियम असून तांबे व मॅग्नेशियम अगदी किंचित असतात. हे मिश्रण ३८५ अंश सेल्सियसच्या सुमारास वितळते. पोलादास वितळण्यासाठी ह्याच्या जवळजवळ चौपट उष्णता लागते; म्हणून पोलादाचा साचा न बिघडता त्यात हा रस हजारो वेळा दाबाने भरता येतो. रस भरला, की क्षणात थिजतो. साच्याचे दोन भाग दूर होतात आणि दरवाजांच्या रेघा, दिव्यांची खोबणी, एवढेच नव्हे तर नावाची बारीक अक्षरेसुद्धा उमटलेली मोटार बाहेर पडते. नीट निरखले, तर साच्याचे दोन भाग जेथे जुळले होते, तेथली केसासारखी रेघ कित्येकदा सापडते.

ह्या जस्ताशी आपल्या देशाचे जुने नाते आहे. जस्त तापविले, की ९०७ अंशांवर त्याची वाफ होऊन उडून जाते. त्यामुळे ते खनिजातून वेगळे काढणे फार अवघड. राजस्थानात उदयपूरजवळ झावर येथे मध्ययुगातील कारागिरांनी ही अडचण सोडविली होती. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या ठेवून वरून आच द्यावयाची आणि खाली उतरणारी वाफ थंड करून जस्त गोळा करावयाचे, अशी त्यांची युक्ती होती. त्या मुशींचे ढीग झावरला आजही पाहावयास मिळतात.

आता थोडे गणित करू. बहुतेक प्रतिकृती खऱ्या मोटारीच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या असतात. मर्सिडीझने १९८२ मध्ये ‘१९०’ ही गाडी काढली. तिची लांबी ४.४२ मीटर होती. तिला ६४ ने भागले, म्हणजे ६.९ सेंटिमीटर येतात. पण वजनाचे काय? लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही चौसष्टपटींनी घटली, म्हणजे वजन ६४ × ६४ × ६४, अर्थात २,६२,१४४ पटींनी घटावयास हवे. खरी गाडी ११०० किलोग्रॅमची धरली, तर प्रतिकृती जेमतेम ४ ग्रॅमची ठरते! प्रत्यक्षात ती ३० ग्रॅमांहूनही जड भरते. कारण खऱ्या मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरहून पातळ असतो. तो त्याच प्रमाणात पातळ केला, तर वहीच्या कागदाहूनही कितीतरी पातळ होईल आणि बोट लागताच चेपेल. म्हणजे डोळ्यांना जी नक्कल हुबेहूब दिसते, ती तराजूवर नक्कल राहत नाही.

अशा मोटारी पुष्कळ घरी असतात. तथापि खोक्यात पडलेल्या पन्नास गाड्यांना मी संग्रह म्हणणार नाही; तो ढीग होय. पुण्याच्या दिनकर केळकरांनी सुमारे १९२० पासून गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कुलुपे, दौती अशा रोजच्या वापरातील वस्तू जमविल्या आणि आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने उभारलेले ते संग्रहालय १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनास अर्पण केले. एक अडकित्ता पाहून सुपारी कशी कातरतात एवढेच कळते. शंभर अडकित्ते शेजारी शेजारी मांडले, म्हणजे लोहाराची कल्पकता, घरोघरची ऐपत आणि त्या काळची हौस ही सर्व दिसू लागतात.

मोटारींचेही तसेच आहे. मिळेल ती गाडी घेण्यापेक्षा एकच वंश निवडावा. समजा, बी. एम. डब्ल्यू. ची तिसरी मालिका निवडली. पहिली गाडी १९७५ ची. तिची लांबी ४.३६ मीटर. २०१८ मध्ये निघालेली गाडी ४.७१ मीटरांची. चौसष्टाव्या प्रमाणात ह्या दोघी अनुक्रमे ६.८ व ७.४ सेंटिमीटर भरतील. मधल्या पिढ्याही क्रमाने मांडल्या, तर ‘छोटी’ म्हणून जन्मलेली ही मोटार चाळीस वर्षांत कशी वाढत गेली, हे एका फळीवर दिसेल. रस्त्यावर उभे राहून ते कधीच दिसले नसते.

मात्र येथे एक फसगत होण्याचा संभव आहे. कित्येक कारखाने गाडी पेटीच्या मापात बसवितात. साडेचार मीटरांची मोटार आणि नऊ मीटरांची बस दोन्ही सात सेंटिमीटरांत बसविल्या, तर मोटार चौसष्टाव्या भागाची राहते आणि बस जवळजवळ एकशे अठ्ठाविसाव्या भागाची होते. मोटारींतही असाच थोडाथोडा फरक केलेला असतो. मग वाढ दिसावी कशी? काही कारखाने, विशेषतः टोमिकावाले, तळाशी प्रमाण कोरून ठेवतात. जेथे ते नाही, तेथे फूटपट्टीने आपणच मोजून काढावे.

जपणुकीविषयी दोन शब्द. घाटमाथ्याच्या पावसात घोटीकडे भिंतीसुद्धा ओलावतात. त्या दिवसांत पुठ्ठ्याच्या पेट्यांस बुरशी येते व चिकटविलेली चित्रे सुटतात. तेव्हा गाड्या भिंतीपासून दूर, कोरड्या डब्यात ठेवाव्या. जस्तात शिशाचा अंश राहिला असेल, तर ओलाव्याने धातूस आतून भेगा पडतात. १९३० च्या दशकातील कित्येक सुंदर गाड्या अशाच भुगा होऊन गेल्या. ह्या रोगावर उपाय नाही. काही संग्राहक वेष्टन फोडतच नाहीत, कारण बंद गाडीस पुढे अधिक किंमत येते. मला हे पटत नाही. जी गाडी मोजता येत नाही, उलटून तिचा तळ वाचता येत नाही, ती दुकानात असली काय आणि घरी असली काय, सारखेच! धाकट्या भावंडांनी ती जमिनीवरून पळविली आणि टवका उडाला, तर तोही नोंदीत लिहावा.

ती नोंद अशी असावी : ‘क्रमांक ७. मर्सिडीझ-बेंझ १९०. खरी गाडी १९८२ ची, लांबी ४४२ सेंटिमीटर. प्रतिकृती ७.२ सेंटिमीटर, म्हणजे एकसष्टावा भाग, चौसष्टावा नव्हे. रंग करडा. उजव्या दारापाशी टवका. नाशिकच्या जत्रेत घेतली.’