आंब्यावरील फळमाशी व सापळ्याची नोंदवही

झाडावर निर्दोष दिसणारें आंब्याचें फळ पेटींतून दूर गेल्यावर कापतांच आंत अळ्या वळवळतांना दिसाव्या, हा अनुभव कोंकणांतील बागाईतदारांस नवा नाहीं. युरोपीय संघानें १ मे २०१४ पासून भारतांतील आंबा घेण्याचें बंद केलें, तें मालांत आढळलेल्या फळमाशीमुळेंच. ती बंदी जानेवारी २०१५ मध्यें उठली. माशी मात्र बागेंत आहेच.

मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालींत सुईसारखी नळी खुपसून अंडीं घालते. अळी गरावर पोसते व पूर्ण वाढल्यावर जमिनींत शिरून कोषांत जाते. अळी गरांत असतां वरून फवारलेलें औषध तिला लागत नाहीं. सबब माशी बागेंत केव्हां वाढूं लागली हें आधीं कळलें पाहिजे. सापळ्याचा खरा उपयोग तो हाच.

बिहारांतील पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनीं सन १९१२ सालीं सिट्रोनेला तेलाच्या वासावर फळमाशीचे नर येतात हें प्रसिद्ध केलें. पुढें मिथाईल युजेनॉल हें द्रव्य त्या कामीं प्रभावी ठरलें. यास ‘कामगंध सापळा’ म्हणण्याची चाल पडली आहे. पण हा गंध मादीच्या अंगचा नव्हे. तुळशीच्या कांहीं जातींतही तो असतो, व नर तें द्रव्य खाण्यासाठींच येतो. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर चालतो.

सापळ्यांत सांपडतात ते बहुतेक सारे नरच. यास्तव सापळा भरला म्हणजे फळें वांचलीं, हा समज घातक होय. उरलेला एक नरही अनेक माद्यांस पुरतो, आणि फळलेल्या माद्या शेजारच्या बागेंतून येतात त्या निराळ्याच. प्रशांत महासागरांतील रोटा बेटावर याच द्रव्यानें माशीचें निर्मूलन झालें, हें खरें. पण तेथें सर्व बेटभर एकाच वेळीं विषारी आमिष टाकलें होतें, आणि सभोंवार समुद्र होता. आपल्या बागेस कुंपण आहे, समुद्र नाहीं! वाडींतील सर्वांनीं मिळून सापळे लावले तरच नर मारण्याचा कांहीं लाभ दिसेल.

फळें तयार होण्याच्या पुष्कळ आधीं सापळा सावलींतील फांदीस, पुरुषभर उंचीवर टांगावा. दर आठवड्यास ठरल्या वारीं माश्या मोजून काढून टाकाव्या व आंकडा वहींत लिहावा. सापळ्याची जागा बदलूं नये; बदलल्यास आंकड्यांची तुलना व्यर्थ होते. एका आठवड्याच्या आंकड्यावरून घाबरण्याचें कारण नाहीं; लागोपाठ चढता आंकडा मात्र इशारा समजावा. आंकडा एकाएकीं उतरला तर प्रथम आमिष तपासावें. वास उडाल्यावर सापळा रिकामा राहतो, आणि माशी गेली असें वाटून आपण स्वस्थ बसतों.

त्याच वहींत गळलेल्या किडक्या फळांचीही संख्या लिहावी. सापळा नरांची वार्ता देतो. माद्यांची वार्ता या फळांपासूनच मिळते. आंकडा चढूं लागतांच गळलेलें फळ रोजच्या रोज वेंचून खोल पुरावें, झाडाखालची माती हालवावी, व तयार फळ झाडावर न ठेवतां उतरून घ्यावें. आंबा संपल्यावर माशी पेरूवर जाते. ज्यांच्या आवारांत पेरू आहे त्यांनीं सापळा पावसाळ्यांतही चालूं ठेवावा.